दादाची शुगर गेली, माझीही जाईल का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ५१ वर्षांच्या असून पुण्यात सिंहगड रोड परिसरात राहतात आणि शाळेत शिकवतात. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन वर्गातील एक गोळी आणि गेली चार वर्षे रात्रीचे इन्शुलिन असा उपचार चालू आहे. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ८२ किलो आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा निर्देशांक) ८.९ आहे. चिंचवडला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली, आठवड्याभरात त्याची शुगर उतरली आणि गोळ्या बंद झाल्या. 'वजन तेव्हा उतरलेच नव्हते, म्हणजे ही हॉर्मोनचीच किमया,' असे भाऊ सांगतो. लेखिकेने दिवाळीच्या सुट्टीतली तारीख जवळपास नक्की केली आहे. यजमानांचा विरोध आहे: 'धडधाकट पोट कशाला कापायचे, तोंडावर ताबा ठेव.' स्टाफरूममधील एका मैत्रिणीचे म्हणणे असे की तेच हॉर्मोन आता आठवड्याच्या इंजेक्शनात मिळते. लेखिका विचारतात: हॉर्मोन बदलून मधुमेह मुळापासून जातो का? भावाइतका फायदा मला होईल का? आणि ही पळवाट तर नव्हे?

ताई,

तुमचे प्रश्न तीन असले तरी त्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे. शरीरातले एखादे हॉर्मोन बिघडलेले असते, शस्त्रक्रियेने ते दुरुस्त होते आणि मग मधुमेहाला कारणच उरत नाही, अशी ती समजूत. भावाच्या अनुभवाने ती पक्की झाली असणार, आणि ती पूर्णपणे चुकीची आहे असेही नाही. परंतु तिच्यातला जो भाग अर्धवट आहे, नेमका त्याच्यावर तुमचा निर्णय अवलंबून आहे. म्हणून आधी हॉर्मोनचे काय होते ते नीट पाहू.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची जेमतेम ३० मिलिलिटरची एक लहान पिशवी वेगळी काढतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्नाची वाट तिथून जात नाही. त्यामुळे एरवी सावकाश, पचत पचत पुढे सरकणारे अन्न लवकर आणि थेट आतड्याच्या खालच्या टप्प्यात पोहोचते. तिथे एल-पेशी दाटीने असतात. अन्नाचा स्पर्श होताच त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हॉर्मोन सोडतात. जेवणानंतरची जीएलपी-१ ची पातळी बायपासनंतर पूर्वीच्या कित्येक पट चढते, आणि जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरही ती वाढते. जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, यकृताला साखर ओतायला सांगणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. पीवायवाय मुख्यतः भूक मंदावते. पित्ताम्लांचे रक्तातील प्रमाणही वाढते आणि त्याचाही साखरेच्या चयापचयावर परिणाम होतो. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सुटणाऱ्या जीआयपी या हॉर्मोनबाबत मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

तुम्ही घेत असलेली ग्लिप्टिनची गोळी याच मार्गावर काम करते, हे तुम्हाला कदाचित कोणी सांगितले नसेल. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-चार मिनिटेच टिकते, कारण एक विकर (एन्झाइम) ते तोडते. ग्लिप्टिन त्या विकराला अडवते. म्हणजे हे हॉर्मोन तुम्हाला अगदीच परके नाही. गोळीने त्याची पातळी थोडी राखली जाते, शस्त्रक्रियेने प्रत्येक जेवणानंतर त्याची मोठी लाट येते, एवढा फरक.

आता भावाचा तो पहिला आठवडा. वजन उतरण्याआधी शुगर उतरते हे निरीक्षण खरे आहे आणि जुने आहे. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये बायपास केलेल्या रुग्णांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के जणांची शुगर सामान्य झाल्याचे नोंदवले होते, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया केवळ वजनाची न राहता मधुमेहाचीही मानली जाऊ लागली. परंतु त्या पहिल्या आठवड्यात भाऊ जेवत काय होता, हे त्याला विचारून पाहा. घोट घोट पाणी, पातळ सूप, ताकाचे वरचे पाणी. दिवसाकाठी काहीशे कॅलरी. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या चमूने २०११ मध्ये ११ मधुमेहींना कोणतीही शस्त्रक्रिया न करता रोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले, तर आठवड्याभरात त्यांची उपाशीपोटीची शुगर सामान्य पातळीवर आली. अन्न एकदम घटले की यकृतातली चरबी झपाट्याने कमी होते आणि यकृत पुन्हा इन्शुलिनचे ऐकू लागते. त्यामुळे भावाच्या पहिल्या आठवड्याचे बरेचसे श्रेय उपासमारीला द्यावे लागेल. हॉर्मोनचा वाटा जेवणानंतरच्या शुगरमध्ये अधिक दिसतो.

याच्याही पुढे जाणारा एक अभ्यास सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ११ जणांचे वजन बायपासने आणि ११ जणांचे केवळ आहाराने सारखेच, म्हणजे सुमारे १८ टक्के, उतरवले आणि मग दोन्ही गटांच्या इन्शुलिनच्या तपासण्या ताडून पाहिल्या. सुधारणा जवळजवळ सारखीच निघाली. शस्त्रक्रियेच्या गटात जीएलपी-१ ची लाट होती, तरीही. दुसऱ्या काही प्रयोगांत बायपास झालेल्यांमध्ये जीएलपी-१ चे काम औषधाने तात्पुरते रोखून पाहिले. इन्शुलिन कमी झाले, परंतु शुगरवरचा सगळा फायदा काही पुसला गेला नाही. यावरून हॉर्मोन निरुपयोगी ठरत नाहीत. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम निराळेच आहे: एवढे वजन उतरवणे आणि ते वर्षानुवर्षे उतरलेले ठेवणे त्यांच्यामुळे शक्य होते. आहाराने १८ टक्के वजन घटवून ते टिकवणारी माणसे तुमच्या ओळखीत किती आहेत, हे मनाशी मोजून पाहा. म्हणून 'वजन की हॉर्मोन' हा वाद तुम्ही दोघा भावंडांनी सोडून द्यावा.

यजमानांच्या आक्षेपाचे उत्तर इथेच देतो. जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागात घ्रेलिन नावाचे भुकेचे हॉर्मोन प्रामुख्याने तयार होते. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधले. कमी खाऊन वजन उतरवले की शरीर घ्रेलिन वाढवते आणि पूर्वीच्या वजनाकडे ओढू लागते. तुम्ही लिहिले आहे की गेल्या दहा वर्षांत तीनदा सात-आठ किलो उतरवले आणि तीनदा ते परत आले. त्यात तोंडावरच्या ताब्यापेक्षा या ओढीचा भाग मोठा आहे. स्लीव्हमध्ये तो घुमटच काढला जात असल्याने घ्रेलिन घटते, बायपासनंतर हा परिणाम कमी-अधिक असतो. पळवाट हा शब्द म्हणून मला पटत नाही. पण यजमानांच्या बोलण्यात एक खरी भीतीही आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की शस्त्रक्रियेच्या वेळी दादाचा मधुमेह तीन वर्षांचा होता आणि तो फक्त गोळ्यांवर होता. ताई, संपूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. आईवडील तेच, घरचे जेवण तेच, शस्त्रक्रियाही तीच, म्हणून निकालही तोच लागेल असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु टाइप २ मधुमेहात इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची क्षमता वर्षागणिक ओसरत जाते. जीएलपी-१ त्या पेशींना काम करायला लावते. नसलेल्या पेशी ते निर्माण करू शकत नाही. पंप कितीही ताकदीचा बसवला तरी विहिरीत असेल तेवढेच पाणी वर येणार. दादाच्या विहिरीला पाणी होते. तुमच्या विहिरीत किती आहे, हे अजून कोणी मोजलेले दिसत नाही.

ते मोजण्याची सोपी तपासणी आहे: सी-पेप्टाइड. शरीर स्वतःचे इन्शुलिन तयार करते तेव्हा तेवढेच सी-पेप्टाइडही रक्तात सुटते, आणि टोचून घेतलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते. त्यामुळे रात्रीचे इन्शुलिन चालू असतानाही तुमचे स्वतःचे उत्पादन किती आहे हे त्यातून कळते. त्याच वेळची शुगरही तपासायला हवी, कारण शुगर फार चढलेली असताना बीटा पेशी तात्पुरत्या दबतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तैवानचे शल्यविशारद वेई-जेई ली यांनी वय, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती याचा आकडा), सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षे या चार गोष्टींवरून शस्त्रक्रियेचा मधुमेहावर किती उपयोग होईल याचा अंदाज बांधणारी गुणपद्धत तयार केली आहे. तुमच्या डॉक्टरांना तुमचे गुण काढायला सांगा.

आपल्या भागासाठी या तपासणीला विशेष महत्त्व आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयचा आकडा आपल्याकडे चरबी कमी दाखवतो, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. त्याच्या जोडीला, पश्चिम भारतात तरुण वयात मधुमेह झालेल्यांच्या अलीकडच्या वर्गीकरणात इन्शुलिनचा मोठा तुटवडा असलेला गट सर्वांत मोठा आढळला. आपल्याकडे मधुमेह केवळ लठ्ठपणाचा नसतो, अनेकांत तो तुटवड्याचाही असतो. तुमचा कोणता, हे वजनकाट्यावर कळणार नाही.

आकडे पाहिले तर अपेक्षा जागेवर येतात. क्लीव्हलँडमध्ये १५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेल्यांचे प्रमाण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. मधुमेह आठ वर्षांहून कमी काळाचा असलेल्यांना यश अधिक मिळाले. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के जण मधुमेहातून बाहेर होते, १० वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे गेलेली शुगर पुन्हा येऊ शकते, आणि हे दादालाही कोणीतरी सांगायला हवे; त्याने एचबीए१सी तपासणे सोडले असेल तर आजच पुन्हा सुरू करावे. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. शुगर परत आलेल्यांनाही मधली वर्षे फुकट गेली असे म्हणता येत नाही, कारण त्याच स्वीडिश अभ्यासात डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांच्या गुंतागुंती शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये सुमारे निम्म्याने कमी आढळल्या. इन्शुलिन सुटले नाही तरी त्याची मात्रा घटणे, एचबीए१सी ८.९ वरून ७ च्या आसपास येणे, गुडघे आणि रक्तदाब सुधारणे, हे तुमच्या बाबतीत वास्तववादी उद्दिष्ट ठरू शकेल. तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया करायची का, असा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असले तरी ते सर्वस्वी योग्यच असेल.

पात्रतेचे म्हणाल तर तुमचा बीएमआय ३३ च्या थोडा वर आहे. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी मर्यादा अडीच अंकांनी खाली आणल्या असून, ३२.५ च्या वर आणि औषधांनी शुगर आटोक्यात नसेल तर शस्त्रक्रियेची शिफारस केली आहे. वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही बसता. विम्याचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा गंभीर आजार असावा. तुम्ही त्याखाली आहात. 'कॅशलेस होऊन जाईल' अशा तोंडी आश्वासनावर विसंबू नका, विमा कंपनीकडून पूर्वमंजुरी लेखी घ्या.

मैत्रिणीने सांगितलेल्या इंजेक्शनांबद्दल. सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ च्या धर्तीवरचे औषध आहे. २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलेले टिर्झेपेटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ अशा दोन्हींच्या मार्गांवर काम करते. शस्त्रक्रियेनंतर हॉर्मोनची लाट जेवणापुरती येते, तर औषधाने परिणाम आठवडाभर सतत राहतो. 'तेच हॉर्मोन' म्हणणे म्हणून ढोबळ आहे, पण तुमच्या बाबतीत हा पर्याय आधी अजमावून पाहण्यासारखा नक्कीच आहे: चार-सहा महिने घेऊन पाहता येते, नको वाटले तर थांबवता येते. थांबवल्यावर वजन बहुतांशी परत येते, खर्च दरमहा चालू राहतो आणि मळमळ अनेकांना होते, हे तोटे. ही औषधे सुरू झाली की ग्लिप्टिन बंद करतात, कारण दोन्हींचा रस्ता एकच असल्याने गोळीचा वेगळा उपयोग उरत नाही.

आता यजमानांची भीती. अमेरिकेतील १० केंद्रांच्या २००९ च्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते, म्हणजे धोका कमी आहे, शून्य नाही. खरी अडचण पुढच्या आयुष्यात असते आणि जाहिरातीत ती नसते. तुम्ही शाकाहारी आहात आणि १४ वर्षे मेटफॉर्मिन घेत आहात. दोन्हींमुळे बी-१२ कमी होते. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका पाहणीत दोन-तृतीयांश जणांमध्ये ते मुळातच कमी आढळले होते. बायपासनंतर बी-१२ शोषायला लागणारे आम्ल आणि जठरातला घटक अन्नाला पुरेसा भेटत नाही. त्यामुळे बी-१२ ची पूर्तता, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे तुम्हाला आयुष्यभर घ्यावे लागेल, रक्त वर्षातून किमान एकदा तपासावे लागेल. रजोनिवृत्तीच्या वयात हाडांची घनता आधीच घटत असते, तीही मोजून घ्या.

जेवणाचे एक उदाहरण देतो. वाटीभर श्रीखंड-पुरी त्या लहानशा पिशवीतून आतड्यात वेगाने उतरली की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा आणि आडवे व्हावेसे वाटणे, असा प्रकार होऊ शकतो. काहींना, विशेषतः शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर, एक ते तीन तासांनी याच्या उलट होते: जीएलपी-१ च्या लाटेने इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते आणि शुगर एकदम खाली जाते. ज्या हॉर्मोनचे गुण दादा गातो, त्याचाच हा दुसरा परिणाम. तुम्ही संकष्टी आणि एकादशी दोन्ही करता असे लिहिले आहे. दिवसभर निरंकार राहून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि मोदक, हे बायपासनंतर जमणार नाही. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी थोडी भाकरी, पाणी जेवणासोबत न घेता नंतर, असे बसावे लागेल. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत हे कसे साधायचे, याचा विचार आतापासून करा.

दिवाळीची तारीख, माझ्या मते, पुढे ढकलावी. सुट्टी सोयीची आहे एवढ्यावरून तुमच्या बीटा पेशींचा निर्णय होत नाही, आणि दोन-तीन महिन्यांच्या उशिराने काही बिघडणारही नाही. तेवढ्या वेळात सी-पेप्टाइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या, ठसका-आम्लपित्ताचा जुना त्रास असेल तर तो सांगा, कारण स्लीव्हने तो वाढू शकतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजिबात टाळू नका: बराच काळ चढलेली शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना विकार काही काळ उफाळू शकतो, मग ती शस्त्रक्रियेने उतरो वा इंजेक्शनाने. मधुमेहतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांची मते स्वतंत्रपणे घ्या. शल्यविशारदांना थेट विचारा की दहा वर्षांहून जुना मधुमेह आणि इन्शुलिन असलेल्या किती रुग्णांवर त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि पाच वर्षांनंतर त्यांपैकी किती जण अजून त्यांच्याकडे तपासायला येतात.

शस्त्रक्रिया ठरलीच तर तिच्या आधीच्या कमी कॅलरींच्या आहारापासूनच इन्शुलिनची मात्रा बदलावी लागते. ती डॉक्टरांनी ठरवावी, दादाच्या अनुभवावरून तुम्ही नव्हे. ज्या वाचकांना ग्लिफ्लोझिन वर्गातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, कारण शुगर फारशी न चढताही त्यांच्यामुळे रक्तात घातक आम्लता निर्माण होऊ शकते. आणि पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर घेऊन जा. त्यांचे प्रश्न त्यांनी स्वतः विचारावेत, आणि पहिले काही महिने स्वयंपाकघराचा भार कोण उचलणार, हेही त्याच दिवशी ठरवून टाका.